डाव्या हाताची वाट

गोदीत नव्याने लागलेल्या माणसाला पहिला धडा मिळायचा तो असा: मुकादमांना 'का' विचारायचं नाही. दुसरा धडा नव्हताच. पहिला नीट जमला की बाकीचं आपोआप येतं, अशी तिथली समजूत होती, आणि खोटं कशाला बोला, बऱ्याच जणांना येतही होतं.

मुकादम म्हणजे जहाजात माल रचणाऱ्या टोळीचे प्रमुख. जहाजाच्या पोटात पुढून मागे चार खण, एकेक खण चांगला सभागृहाएवढा. त्यात गोण्या, पिंपं, लाकडी खोकी, यंत्रांचे सुटे भाग, जे येईल ते असं बसवायचं की वादळात हलू नये, जड ते खाली राहावं, आणि पहिल्या बंदरात उतरायचा माल शेवटच्या बंदराच्या मालाखाली गाडला जाऊ नये. मुकादम हे सगळं डोक्यात करायचे. धक्क्यावर पडलेल्या ढिगावरून एकदा नजर फिरवायची, मिशीवरून एकदा हात फिरवायचा, की तोंडाचा पट्टा सुरू. "मोठी खोकी दोनमध्ये. गोण्या एकमध्ये, पाठीला पाठ. अरे, सासरी निघाल्यासारखा पाय काय ओढतोस?"

आणि चौथ्या खणाशी आलं की न चुकता एक वाक्य यायचं: "डाव्या हाताला वाट सोडा."

डाव्या भिंतीला लागून, खणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, माणूस सरळ चालत जाईल एवढी रुंद वाट. रिकामी. धक्क्यावर माल उरला, पुढच्या जहाजासाठी ताडपत्रीखाली पडून राहिला तरी बेहत्तर, पण ती वाट भरायची नाही. मुकादमांच्या आधी टोळी चालवणाऱ्या थोरल्या मुकादमांनी ही शिकवण दिली होती आणि थोरले केव्हाच देवाघरी गेले होते. शेजारच्या टोळ्यांत माल कोसळून माणसं गेली होती. मुकादमांच्या टोळीत मात्र बोट चेंगरण्यापलीकडे कधी काही झालं नाही. हे त्या वाटेचं पुण्य, असं मुकादम मानायचे. मग टोळीही मानायची.

मुकादमांना दोन मुली. थोरली लग्न होऊन लांब गेली होती. धाकटीला घरात धाकटीच म्हणायचे, आणि पुढे कचेरीतही तेच नाव चिकटलं. कंपनीने तेव्हा नुकताच कॉम्प्युटर आणला होता. आज पोरं खिशात घालून हिंडतात ते यंत्र तेव्हा अख्खा मजला अडवून बसलेलं असायचं, लोखंडी कपाटांची रांगच म्हणा ना. त्याला गारवा लागायचा, म्हणून तिथली माणसं भर उन्हाळ्यात स्वेटर घालून बसायची आणि जेवायच्या सुट्टीत घाम पुसत बाहेर यायची. धाकटी तिथे कार्डांना भोकं पाडायच्या कामावर लागली. मशीनला जे सांगायचं ते पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोकं पाडून सांगायचं, एका कार्डावर एक ओळ. दुसऱ्यांच्या ओळी पाडता पाडता ती त्या वाचायला लागली. मग त्यातल्या चुका दाखवायला लागली. शेवटी तिथले साहेब वैतागून म्हणाले, "तूच लिही बाई, आम्ही भोकं पाडतो." कानामागून आली आणि तिखट झाली, असं काही जण बोललेही. बोलेनात का बापडे. तिखट ती होतीच.

साहेबांच्या डोक्यात एक खूळ होतं. जहाजात माल कसा रचायचा ते मशीनने सांगावं. वरच्यांनी होकार दिला, पण अट घालून. खरं जहाज घ्या, खरा माल घ्या. मुकादम बसवतात त्याहून जास्त माल मशीनच्या रचनेत बसला तर काम पुढे चालू, नाही तर बंद.

"बंद म्हणजे मी परत भोकं पाडायला?" धाकटीने विचारलं.

"आणि मी परत पगारपत्रकं लिहायला," साहेब म्हणाले. त्यांचा चेहरा असा झाला की धाकटीला हसूही येईना.

आता माल रचायचे नियम मशीनला शिकवायचे म्हणजे आधी ते कुणाला तरी माहीत हवेत. धाकटीला त्यासाठी लांब जावं लागलं नाही. जेवणं झाली की मुकादम टेबलावर काड्यापेट्या मांडून बसायचे, ती विचारायची आणि ते सांगायचे. बाहेर ज्यांच्यासमोर कुणाची ब्र काढायची छाती नव्हती, ते घरात मुलीला एकेक गोष्ट उलगडून सांगत होते. पिठाच्या गोण्यांशेजारी तेलाची पिंपं का नकोत, लांब नळ्या आडव्या का नाही लावायच्या, रिकाम्या फटीत लाकूड का ठोकायचं.

"उभ्या जन्मात माझ्याशी एवढं बोलला नाहीत," आई भांडी पुसता पुसता म्हणाली.

"तू कधी विचारलंस?"

"विचारलं होतं की. तुम्ही म्हणालात, मीठ कमी पडलंय."

मुकादम मोठ्याने हसले. त्या दिवसांत ते फार खुशीत होते. वर्षअखेरीला त्यांची नोकरी संपणार होती, आणि आपलं डोकं मशीनमध्ये राहणार, तेही पोटच्या पोरीच्या हातून, याचं त्यांना अप्रूप होतं. टोळीत दहादा सांगून झालं होतं.

एकाच प्रश्नाशी घोडं अडलं. "आणि चौथ्या खणातली वाट का सोडायची, बाबा?"

मुकादम काड्यापेट्या गोळा करायला लागले. "सोडायची."

"पण का?"

"सोडायची म्हणजे सोडायची. झोप आता, उद्या कामं आहेत."

धाकटीने मग त्या नियमाचंही एक कार्ड पाडलं आणि गठ्ठ्यात घातलं. कारण नाही तर नाही.

आधी कागदावर चाचणी झाली. मागच्या एका जहाजाच्या मालाची मापं मशीनला दिली. मशीन बराच वेळ घरघरलं आणि लांबलचक कागद बाहेर आला. साहेब आणि धाकटी त्यावर ओणवे झाले. रचना चांगली होती. इतकी चांगली, की मुकादमांनी केली होती तश्शीच. धक्क्यावर तेव्हा जेवढा माल उरला होता, तेवढाच याही वेळी उरत होता.

साहेब खुर्चीत बसले. "म्हणजे एवढं मोठं मशीन आणून आपण तुझे वडील तयार केले."

ते गेल्यावर धाकटीने गठ्ठ्यातून वाटेचं कार्ड बाहेर काढलं आणि बाकीचा गठ्ठा पुन्हा मशीनला दिला. या वेळी धक्क्यावर काही उरलं नाही. सगळाच्या सगळा माल आत गेला, वर थोडी जागा राहिली. तिला टाळी वाजवावीशी वाटली. आणि लगेच तिने ते कार्ड पुन्हा हातात घेतलं. त्या वाटेमुळे खरोखरच माणसं वाचत असली तर? आपली खुर्ची टिकवायला आपण बाबांच्या टोळीतल्या कुणाचा जीव घ्यायचा का?

संध्याकाळी तिने पुन्हा विषय काढला, जपून, गोड बोलून. मुकादमांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "माझी माणसं धडधाकट घरी जातात, हे कारण पुरत नाही तुला? गार खोलीत बसून मला का म्हणून विचारतेस? मी थोरल्यांना विचारलं नाही कधी!" आणि त्यानंतर ते तिच्याशी बोलेनासे झाले. ताटावर बसले की आईला सांगायचे, "तिला म्हणावं, पाणी दे."

थोरल्यांच्या काळातलं कोण उरलं होतं? शोधता शोधता एका जहाज-सुताराचा पत्ता लागला. सगळे त्याला मिस्त्रीच म्हणायचे. बंदराच्या मागच्या गल्लीत, एका दुकानाच्या वर, सुनेच्या घरात म्हातारा खिडकीशी बसून असायचा. धाकटीने वाटेचं विचारलं आणि तो हसायला लागला तो खोकला येईपर्यंत हसला. सुनेला धावत पाणी आणावं लागलं.

"अजून सोडतात? कमाल झाली! अगं, त्या जुन्या बोटीला चौथ्या खणात डाव्या बाजूला पाझर होता. तळात पाणी साचायचं. मला रोज त्या बाजूने जाऊन पंप बघावा लागायचा, म्हणून थोरल्याशी भांडून मी ती वाट मागून घेतली. ती बोट तर भंगारात गेली. तेव्हा तुझ्या बापाला मिसरूड फुटायचं होतं."

"मग थोरल्यांनी पुढच्या बोटींवर का सोडली?"

"सवय. मलाही वाटलं होतं बंद करतील." मिस्त्रीने डोळे पुसले. "तुझ्या बापाने विचारलं नाही कधी?"

"विचारायचं नसतं ना."

"हं. विचारलं असतं तर थोरल्याने थोबाडीत दिली असती, तेही खरंच आहे."

धाकटी परत निघाली. कारण कळलं याचा आनंद व्हायला हवा होता, पण आपलेच दात आणि आपलेच ओठ. गप्प राहिलं तर मशीन बंद आणि ही परत भोकं पाडायला. सांगितलं तर ज्या एका गोष्टीचा बाबांना सगळ्यांत जास्त अभिमान, तीच फुकाची ठरणार, आणि तीही निवृत्तीच्या तोंडावर, स्वतःच्या मुलीच्या तोंडून. तिला रडू आलं. रस्त्यात एका बाईने विचारलंही, काय झालं म्हणून.

तिने आधी आईला सांगितलं. आईने शांतपणे ऐकून घेतलं आणि हातातलं फडकं खाली ठेवलं. "आज ना उद्या कळणारच. त्यांनी हे तुझ्या साहेबाच्या तोंडून ऐकलेलं मला चालणार नाही. जा, आत्ता सांग. मी आहे इथे."

मुकादम खुर्चीत बसून चपलेचा अंगठा शिवत होते. धाकटीने सगळं सांगितलं, काही न वगळता. त्यांनी सुई खाली ठेवली.

"कोणती बोट म्हणाला?"

तिने पुन्हा सांगितलं.

"ती तर मी पाहिलीही नाही," मुकादम म्हणाले. त्यांनी चप्पल बाजूला सारली. मग म्हणाले, "एकदा एका शाळेची बाकं मागे ठेवली होती मी. पुढची बोट उशिरा होती. तो मास्तर रोज धक्क्यावर यायचा बिचारा. मी त्याला म्हणायचो, जागा नव्हती हो. जागा होती, धाकटे."

"बाबा, तुम्हाला कसं माहीत असणार..."

"आणि माझी माणसं? ती मग कशाने वाचली?"

"तुमच्यामुळे. माल पक्का बांधल्याशिवाय तुम्ही कुणाला खाली उतरू देत नाही, म्हणून. वाटेमुळे नाही, तुमच्यामुळे."

हे खरं होतं, आणि त्यांना ते ऐकूही आलं असावं, पण त्या दिवशी त्याचा काही उपयोग झाला नाही. ते न जेवता उठले. आईने ताट झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मुकादम स्वतः मशीनच्या मजल्यावर आले. आयुष्यात पहिल्यांदा. सगळी स्वेटरवाली माणसं उठून उभी राहिली. "ती वाट काढून टाका," ते साहेबांना म्हणाले. "तिची गरज नाही. मला ठाऊक नव्हतं."

साहेब माणूस वाईट नव्हते, पण त्यांना आनंदात तोंड सांभाळता यायचं नाही. "म्हणजे इतकी वर्षं उगीचच?"

"उगीचच," मुकादम म्हणाले, आणि जिना उतरून गेले. हातातला कार्डांचा ट्रे साहेबांच्या डोक्यात घालावा असं धाकटीला वाटलं. तिने तो टेबलावर आपटला तेवढ्यावर निभावलं.

मग खऱ्या जहाजाचा दिवस आला. वरची मंडळी धक्क्यावर येऊन बसणार होती आणि भरती आली की जहाज सुटायला हवं होतं. मुकादमांच्या हातात मशीनचा कागद. त्यांनी तो घरी चार वेळा वाचला होता, तरी दर खोक्याला कागद बघूनच बोलत होते. मिशीवर हात नाही, थट्टा नाही. तीन खण छान भरले. साहेब वरून खाली, खालून वर करत होते आणि कामगारांच्या पायात येत होते.

चौथ्या खणात डावीकडची जागा भरायची वेळ आली, तेव्हा टोळी थबकली. एकमेकांकडे बघायला लागली. कुणी पुढे होईना. मुकादमांनी कागद घडी करून खिशात घातला, पहिल्या खोक्याला स्वतः खांदा लावला आणि भिंतीशी नेऊन ठेवलं. मग दुसऱ्याला. तिसऱ्याला टोळी आली. धाकटी शिडीपाशी उभी राहून बघत होती. मशीन जिंकतंय याचा तिला आनंद होत होता, आणि त्या आनंदाची लाजही वाटत होती.

वाट जवळजवळ भरत आली. वरून क्रेनने दोन पिंपं खाली सोडायला घेतली. मुकादमांनी खिशातून कागद काढला, बघितला, पुन्हा बघितला.

"थांबव," त्यांनी वर हात केला. पिंपं अधांतरी लोंबत राहिली. "धाकटे, इकडे ये. सगळी पिंपं दुसऱ्या खणात गेली. ही दोनच इथे का?"

टोळीतली माणसं चपापली. मुकादमांच्या तोंडून 'का' ती पहिल्यांदाच ऐकत होती.

धाकटीने कागद घेतला. "मशीन पुष्कळ रचना करून बघतं, बाबा. त्यातली सगळ्यांत चांगली देतं."

"ते कळलं. पण ही दोन इथेच का? दोनमध्ये जागा दिसतेय मला."

"ती..." धाकटी थांबली. ओठावर उत्तर तयार होतं. वजनाचा तोल साधायला, असं म्हटलं असतं तर कुणी खोडून काढलं नसतं. तोल म्हटलं की सगळे माना डोलावतात. वरून साहेब ओरडले, "काय झालं? उतरवा ना! भरती आली तर सगळं बोंबललं! आज जहाज अडकलं तर मशीन उद्या बंद होईल, धाकटी, ऐकतेस का?"

ती ऐकत होती. तिने वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ते तिला कोंडीत पकडत नव्हते, उट्टं तर मुळीच काढत नव्हते. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. नवं काही शिकायला बसलेल्या माणसाचा असतो तसा चेहरा होता. एक वाक्य ठोकून द्यायचं आणि नोकरी वाचवायची, इतकं सोपं होतं.

"मला माहीत नाही, बाबा," ती म्हणाली.

मुकादमांनी क्रेनवाल्याला खूण केली, "परत वर घे. धक्क्यावर ठेव." साहेबांनी वर कपाळाला हात लावला. ज्या माणसाने जन्मात कधी जहाज अडवलं नव्हतं, माल मागे ठेवला पण वेळ चुकवली नव्हती, त्याने आज ते अडवलं.

"उशीर झाला तर माझं काम जाईल," धाकटी हळूच म्हणाली.

"जाईल," मुकादम म्हणाले. "मला ठाऊक आहे ते." त्यांनी एकदा टोळीकडे पाहिलं. "पण थोरल्यांच्या तोंडून हे तीन शब्द मी कधी ऐकले नाहीत. माझ्या तोंडून माझ्या माणसांनी ऐकले नाहीत. तू म्हणालीस. आता कारण शोधून ये. सापडलं तर ठेवू, चूक निघाली तर काढू. नाही तर ही दोन पिंपं इथेच ठेवत बसतील लोक, तुझं मशीन भंगारात गेल्यावरसुद्धा."

धाकटीने कागद हातात घट्ट धरला, पदराने डोळे पुसले आणि शिडी चढायला लागली. वर साहेब वाटेत उभे होते, काहीतरी बोलायला तोंड उघडलेलं.

"बाजूला व्हा," ती म्हणाली. ते बाजूला झाले आणि मग, काय वाटलं कुणास ठाऊक, तिच्या मागोमाग कचेरीच्या दिशेने धावायला लागले.

खाली मुकादमांनी माणसांना पाणी प्यायला सांगितलं आणि ते एका खोक्यावर तिची वाट बघत बसले.